सांडणारा तांदूळ

ऋषिपंचमीच्या ताटात वाटीभर लाल भात आला. त्याचा माग काढता काढता मी गोंदियाच्या बोडीवरून थेट नाईलकाठी जाऊन पोचले. मधे पुण्यात एक कुकरही करपला!

गणपतीच्या सुट्टीला जोडून दोन दिवस रजा टाकली की मी पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस पकडते. एक आख्खी रात्र आणि बराचसा दिवस खाऊन ती गोंदियाला पोचवते. तिथून बल्लारशाहच्या लाइनवरची पॅसेंजर घेऊन अर्जुनीकडे. ऑफिसातले मित्र विचारतात, ‘गोंदिया म्हणजे नक्की कुठे गं?’ मी सांगते, महाराष्ट्राचा नकाशा घ्या आणि उजवीकडे जात राहा. नकाशा संपत आला की आमचं गाव!

यंदा पोचले ती ऋषिपंचमीच्या सकाळी. या दिवशी आमच्या घरी बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, भाजी नाही. परसातल्या मांडवावरचं दोडकं चालतं, अळू चालतं, आपोआप उगवलेलं सगळं चालतं. भाताच्या कोठारात राहून त्या दिवशी घरचा भात मात्र चालत नाही! त्याऐवजी वाटीभर जाडसर, लालसर भात शिजतो. पसईचे तांदूळ. कुणी त्याला देवधान म्हणतं.

‘‘बाजारात केवढ्याला किलो?’’ मी सवयीनं विचारलं. आयटीत असलं की सगळं रेटकार्डात मोजायची खोड लागते.

‘‘किलोनं कोण घेते बाई? ओंजळभर पुरते,’’ आजी म्हणाली. ‘‘हे आपल्या बोडीतले आहेत. मागच्या सालचे. पेरा लागत नाही, देवच पेरते.’’

बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला, पाणी अडवून केलेलं छोटं तळं. आमची बोडी असेल अर्ध्या एकराची. तिच्यावर खालच्या चार बांध्या भिजतात. बांधी म्हणजे भाताचं खाचर. आणि याच बोडीचा विषय जेवण झाल्यावर काकांनी काढला. बोडी गाळानं भरत आली आहे. जेसीबी लावून ती सपाट केली की अर्धा एकर धान वाढेल. पाण्याला आता बोअर आहेच. सातबाऱ्यावर बाबांच्या मागे माझं नाव लागलंय, तेव्हा माझा होकार हवा.

‘‘सही करून जा,’’ काका म्हणाले. ‘‘दिवाळीनंतर काम सुरू करतो.’’

मी हो म्हणणारच होते. खरंच! इतक्यात आजी स्वतःशीच पुटपुटल्यासारखी म्हणाली, ‘‘मग पसई कुठून आणसान?’’

कुणी काही बोललं नाही. मी म्हटलं, दसऱ्याला येते, तेव्हा बघू.

सांडतो तो रानटी, टिकतो तो पाळीव

निघायच्या आधी आजीनं डब्याच्या तळाशी उरलेले, न कांडलेले चार दाणे कागदात बांधून दिले. काळपट टरफल आणि टोकाला हे लांब कुसळ. पर्समध्ये लिपस्टिकशेजारी दहा दिवस पडून होते. मग एका शनिवारी ते मी माझ्या मैत्रिणीला दाखवले. ती डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकलेली. तिनं एक दाणा उलटा धरला आणि मोबाइलचा कॅमेरा झूम करून बुडखा दाखवला.

‘‘इथे बघ. कसा गुळगुळीत आहे! हा दाणा पिकल्यावर आपला आपण गळून पडला. आता तुझ्या पिशवीतलं साधं धान बघ.’’ गावाहून आणलेल्या धानाचा दाणा तिनं शेजारी ठेवला. त्याचा बुडखा ओबडधोबड, ओरबाडल्यासारखा. ‘‘हा स्वतः पडला नाही. याला कुणीतरी झोडपून काढलंय.’’

झालं! ती म्हणाली, शेतीचा सगळा इतिहास या दोन बुडख्यांच्या मधे आहे.

गणित सोपं आहे. रानटी गवताला जगायचं असतं, म्हणून दाणा पिकला की तो सांडतो, मातीत पडतो, पुढच्या पावसात उगवतो. न सांडणारा दाणा म्हणजे त्याच्यासाठी एक बिघाड. असा बिघाड झालेलं रोप रानात फार टिकत नाही. पण माणूस विळा घेऊन आला की बाजी उलटते. तो कापणीला येईपर्यंत सांडणारे दाणे सांडून गेलेले असतात. त्याच्या टोपलीत जास्त करून न सांडणारे येतात. पुढच्या वर्षी तो तेच पेरतो. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कुणी ठरवून काही केलेलं नसतं, पण होता होता शेतभर असं पीक उभं राहतं जे माणसानं काढल्याशिवाय आणि पेरल्याशिवाय जगूच शकत नाही. आपण त्याला पाळलं, आणि त्यानं आपल्याला एका जागी बांधून ठेवलं. ईएमआयसारखंच!

हे किती दिवसांत झालं असेल? चीनमधल्या त्येनलुओशान या जागी भाताच्या अशा हजारो बुडख्यांची मोजणी झाली आणि २००९ साली ती प्रसिद्ध झाली. सुमारे ६,९०० ते ६,६०० वर्षांपूर्वीच्या तीनशे वर्षांत न सांडणाऱ्या बुडख्यांचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेलं होतं. तीनशे वर्षांत फक्त बारा टक्के! शेतीची ‘क्रांती’ म्हणतात ती इतकी सावकाश झाली, की ती करणाऱ्यांना तिचा पत्ताही नसावा.

करपलेल्या कुकरची किंमत

पण हजारो वर्षांपूर्वीचा दाणा आपल्या हातात येतो कसा? मातीत तर सगळं कुजतं ना?

याचं उत्तर माझ्याच किचनमध्ये मिळालं. गप्पांच्या नादात शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि कुकरचा तळ कोळसा झाला. मैत्रीण खूश! म्हणाली, ‘‘फेकू नकोस. तुझ्या घरातली हीच एक वस्तू तीन हजार वर्षं टिकेल.’’

ती थट्टा करत नव्हती. जळून कोळसा झालेला दाणा बुरशीला नको असतो आणि किड्यांनाही. चुलीत पडलेले दाणे, भाजताना करपलेला हरभरा, आगीत सापडलेली कणगी हे सगळं मातीत तसंच पडून राहतं. आकार बऱ्यापैकी शाबूत असतो. जव आहे की गहू, मसूर आहे की कुळीथ, जाणकाराला ओळखता येतं.

ते बाहेर काढायची पद्धत तर बादलीत करून बघण्यासारखी आहे. मी कुंडीतली माती घेतली, तीत करपलेला भात चुरला आणि बादलीभर पाण्यात सोडून ढवळलं. माती बुडली, कोळसा वर तरंगला. वरचं पाणी चहाच्या गाळणीतून गाळलं की दाणे हातात! उत्खननात हेच मोठ्या टाकीत आणि बारीक जाळीच्या चाळणीनं करतात. मग वाळवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा निवडायचा. आजी सुपात तांदूळ निवडते तसंच, फक्त खडे टाकायच्या ऐवजी ठेवायचे.

महाराष्ट्रात हे काम आपल्या डेक्कन कॉलेजनं वर्षानुवर्षं केलं. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या चमूनं खणलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. पुराचं पाणी वळवायला त्यांनी पाटही काढला होता. आणि ते खात काय? वनस्पती-अवशेषांचे अभ्यासक एम. डी. काजळे यांनी जळके दाणे तपासले, तर मुख्य धान्य निघालं जव! जोडीला गहू, मसूर, कुळीथ, लाख. पुण्याच्या परिसरातला तीन हजार वर्षांपूर्वीचा ‘हेल्दी बाउल’ म्हणजे जव आणि कुळीथ. आज तोच आपण मॉलमधून महागड्या पाकिटात आणतो.

आमच्या बाजूला या. नागपूर जिल्ह्यातलं नायकुंड आणि भागीमोहरी ही लोखंड वापरणाऱ्या आणि मोठ्या शिळावर्तुळांत माणसं पुरणाऱ्या लोकांची गावं. तिथल्या अवशेषांतही काजळे यांना भातासोबत गहू, जव आणि कडधान्यं सापडली. म्हणजे पावसावर एक पीक आणि थंडीत दुसरं. अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा हा हिशेब आमच्याकडे अजून चालू आहे. बांधीतलं धान कापायच्या आधीच ओल्या मातीत लाखोळी फेकतात. धान निघालं की लाखोळी वर येते.

नाईलकाठचा मोथा

यात नाईल कुठून आली? तर मैत्रिणीनं जाताना सांगितलं, ‘‘तुला हे आवडलं असेल तर इजिप्तचं वाच. तिथे जाळायलाही लागत नाही. वाळवंटात सगळं वाळूनच टिकतं.’’ पुढचे दोन वीकेंड माझे त्यातच गेले.

नाईल म्हटलं की आपल्याला पिरॅमिड आठवतात. पण मला भेटला तो मोथा. होय, आपल्या शेतात निंदून निंदून हात मोडतात तोच नागरमोथा! आस्वानजवळ वादी कुब्बानिया नावाची जागा आहे. फ्रेड वेंडॉर्फ यांच्या चमूनं तिथे खणलं. सुमारे १८-१९ हजार वर्षांपूर्वी नाईलचा पूर ओसरला की लोक तिथे येऊन राहत. त्यांच्या चुलींत मोथ्याच्या जळक्या गाठी निघाल्या. त्या खणायच्या, भाजायच्या आणि दगडावर वाटायच्या. शेतीचा पत्ता नव्हता, पण पोट भरत होतं.

या जागेची आणखी एक गोष्ट मला फार आवडली. याच थरांत जवाचे दाणे मिळाले, आणि १९७९ साली जाहीर झालं की इथे सतरा-अठरा हजार वर्षांपूर्वी जव वापरत होते. म्हणजे शेतीची सुरुवात एकदम कित्येक हजार वर्षं मागे! पुढे थेट एका छोट्या दाण्याचंच वय काढायचं तंत्र आलं. दाणे तपासले तर ते फार नंतरचे निघाले. वरच्या थरांतून कधीतरी खाली घसरलेले. मग? त्याच मंडळींनी १९८४ साली त्याच नियतकालिकात छापून सांगितलं की आमचं चुकलं होतं. आपण ऑफिसात एक चुकीचा मेल पाठवला तर ‘रिकॉल’ करायला धावतो. इथे जगभर गाजलेला शोध रिकॉल झाला, आणि तोही शांतपणे!

खुद्द इजिप्तमधली शेती मग कधीची? इसवी सनापूर्वी पाच हजारच्या आसपास, पश्चिम आशियातून आलेल्या गव्हा-जवावर ती उभी राहिली. फायूमच्या तळ्याजवळ गर्ट्रूड केटन-थॉम्पसन आणि एलिनॉर गार्डनर या दोघींनी १९२० च्या दशकात शंभराहून जास्त धान्याची पेवं शोधली. जमिनीत खड्डा, आतून गवताच्या चटईचं अस्तर. काहींत गहू-जव तसेच होते, आणि गारगोटीची पाती बसवलेला लाकडी विळासुद्धा! आपल्याकडे एखादी गोष्ट उदंड झाली की ‘पेव फुटलं’ म्हणतो. ती म्हण नाईलकाठीही कळली असती.

पण गव्हा-जवाची बी तिथे तयारच आली. नाईलच्या प्रदेशात जे घरचं घडलं, ती गोष्ट आपल्या जास्त जवळची आहे: ज्वारी!

इजिप्तच्या दक्षिणेला वाळवंटात नाब्ता प्लाया आहे. आठ-नऊ हजार वर्षांपूर्वी तिथे पाऊस पडायचा, तळं भरायचं. तळ्याकाठच्या झोपड्यांत आणि साठवणीच्या खड्ड्यांत रानज्वारीचे दाणे मिळाले. रानटीच, पण गोळा करून जपून ठेवलेले. त्यानंतर जवळजवळ तीन हजार वर्षांनी, पूर्व सुदानमध्ये कसालाजवळ, नाईलला मिळणाऱ्या अटबारा नदीच्या टापूत पुढची पायरी दिसते. तिथल्या मडक्यांच्या मातीत ज्वारीचा भुसा मिसळलेला होता. मडकं भाजताना भुसा जळला, ठसा राहिला. इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपासच्या त्या खापरांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. ठशांमध्ये काही बुडखे सांडणारे आहेत आणि काही ओरबाडून काढलेले. रानटी आणि पाळीव एकाच मडक्यात! गवताचं धान्य होताना त्या कुंभारांनी नकळत फोटो काढून ठेवला म्हणा ना.

तिथून ही ज्वारी समुद्र ओलांडून भारतात आली, साधारण चार हजार वर्षांपूर्वीपासून पुढे. आपण जिला अस्सल गावरान म्हणून ठेच्याबरोबर खातो ती भाकरी मुळात नाईलच्या खोऱ्यातली पाहुणी. आता घरचीच झाली, तो भाग वेगळा.

चौकट : ताटाचा नकाशा

पूर्व विदर्भातलं साधं ताट घ्या आणि कोण कुठून आलं बघा.

*ज्वारीची भाकरी :* पूर्व सुदान, नाईलच्या उपनद्यांचा टापू.

*लाखोळीची डाळ, मसूर, जवसाची चटणी :* मूळ पश्चिम आशियाकडचं. लाखोळी दुष्काळातही तग धरते, पण महिनोन्महिने तीच खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा धोका असतो. त्यामुळे १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. लागवड मात्र चालूच राहिली.

*कुळीथ, उडीद :* अस्सल भारतीय.

*मिरची, टोमॅटो :* अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या काळानंतर.

*भात :* ही गोष्ट गुंतागुंतीची. उत्तर प्रदेशातल्या लहुरादेवा इथे भाताचे आठ हजार वर्षांहून जुने दाणे मिळाले. ते रानटी की पेरलेले यावर अभ्यासकांत वाद आहे. चीनमध्ये पाळीव झालेला भात पुढे इकडे आला आणि इथल्या भाताशी त्याचा संकर झाला.

*पसई :* कुठूनही आली नाही. इथेच होती.

ऋषींचं अन्न

शेवटच्या ओळीपाशी मी थांबले. पसईचं एक शास्त्रीय नाव आहे ‘ओरायझा निवारा’. हे ‘निवारा’ म्हणजे आपलं संस्कृत नीवार. न पेरता उगवणारं धान, आश्रमातल्या ऋषींचं अन्न. शाकुंतलातल्या आश्रमातही झाडांखाली नीवाराचे दाणे सांडलेले आहेत. बघा, सांडलेलेच! आणि ऋषिपंचमीला आजी तेच शिजवते. बैलाच्या कष्टाचं नको, म्हणजे नांगराच्या आधीचं हवं. हा नियम कुणी आणि का घातला हे आजीला विचारलं तर ती ‘‘असंच असते’’ म्हणते. पण वर्षातून एक दिवस आमचं घर शेतीच्या आधीचं जेवतं, एवढं खरं.

आणि हे रानटी गवत नुसतं व्रतापुरतं नाही. १९७० च्या दशकात आशियातल्या भातावर ‘ग्रासी स्टंट’ नावाचा विषाणू आला. रोपं खुजी राहायची, दाणाच भरायचा नाही. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं त्यावर उतारा शोधायला भाताचे सहा हजारांहून जास्त नमुने तपासले. टिकला एकच. तो होता भारतातून, पूर्व उत्तर प्रदेशातून गोळा केलेला ओरायझा निवारा! गुरुदेव खुश यांच्या चमूनं तो गुण लागवडीच्या भातात उतरवला. त्यातून आलेलं आयआर-३६ हे वाण १९७६ साली बाहेर पडलं आणि १९८० च्या दशकात जगात एक कोटी हेक्टरांहून जास्त जमिनीवर लावलं गेलं. कुठल्याशा डबक्याकाठचं गवत कुणीतरी वेळेत उचललं नसतं तर?

शेतकऱ्याची बाजूही आहे हं. हेच रानधान बांधीतल्या धानाशी संकर करतं, आणि मग पिकात दाणे सांडणारी तणं उगवतात. शेजारच्या छत्तीसगडमध्ये त्याला करगा म्हणतात. कोवळेपणी तो धानासारखाच दिसतो, म्हणून निंदताना ओळखू यावा यासाठी तिथे जांभळ्या पानांचं श्यामला नावाचं वाण काढलं गेलं. काका पसईला ‘फालतू’ म्हणतात ते उगाच नाही.

मधे मला एक शंका आली. जुनं बी म्युझियममध्ये ठेवलंच आहे, मग बोडी कशाला? मैत्रिणीनं एका वाक्यात उडवली. करपलेला दाणा बोलतो, पण उगवत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात ‘ममीचा गहू’ म्हणून बी विकलं जायचं. इजिप्तच्या थडग्यातला गहू पेरा आणि फॅरोची पोळी खा! सगळी फसवणूक. थडग्यातला खरा गहू तपासण्यांत कधी रुजलाच नाही. इस्रायलमध्ये २००५ साली सुमारे दोन हजार वर्षांचं खजुराचं बी रुजलं खरं, पण गव्हा-भाताला एवढं आयुष्य नसतं. त्यांचं जुनं बी जिवंत ठेवायचं तर कुणीतरी दर काही वर्षांनी ते पेरावं लागतं. बोडीत हे काम फुकट चालू असतं.

दसऱ्याची सकाळ

दसऱ्याला ठरल्याप्रमाणे गेले. आजीनं पहाटेच उठवलं. पसईचं काम उन्हाच्या आधी करायचं, ऊन तापलं की दाणे जास्त गळतात. बोडीच्या कडेला गुडघाभर पाण्यात ती आधीच उतरली होती. दोन आठवड्यांपूर्वी येऊन तिनं चार-चार ताटं एकत्र करून गाठी मारून ठेवल्या होत्या, म्हणजे दाणे पिकले तरी एकदम पाण्यात जाऊ नयेत. आता एकेक जुडी टोपलीवर वाकवायची आणि काठीनं हलकेच टपटप मारायचं.

मी हात लावला तर नुसत्या स्पर्शानं दाणे पाण्यात. टप, टप, टप. निम्मे टोपलीत, निम्मे बोडीत.

‘‘अगं, वाया जातायत!’’

‘‘वाया कायले? सगळं नाही घ्यायचं. बी राहा लागते.’’

बांध ओलांडून मी आमच्या बांधीत गेले. मधे दहा पावलं असतील. पिवळं होत आलेलं धान उभं होतं. लोंबी हातात धरून हलवली. जोरात हलवली. एक दाणा पडला नाही. नाब्ता प्लाया ते कसाला हे अंतर शोधायला लोकांना आयुष्य घालवावं लागलं. आमच्याकडे ते एका बांधाच्या दोन बाजूंना उभं होतं, आणि मी लहानपणापासून त्यावरून उड्या मारत आले होते.

संध्याकाळी काकांशी बोलले. नीवार, विषाणू, सुदान सगळं सांगितलं. काकांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘हे सगळं बरोबर आहे. पण अर्ध्या एकरात किती पोती होतात, माहीत आहे का तुला? ते मला कोण देणार? सुदान?’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्यात एसीत बसून बोडी वाचवायचा हट्ट करणं फार सोपं असतं. खत, मजुरी, हमीभावाची वाट पाहणं हे सगळं काका करतात. मी फक्त येते आणि हुरळून जाते.

मग आम्ही कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. गाळाचा प्रश्न खरा होता. पण बोडी बुजवायला जेसीबी लागणार होता, तसा गाळ काढायलाही जेसीबीच लागतो. काढलेला गाळ बांध्यांत टाकला तर खताचा खर्च थोडा वाचतो. बोअरची वीज कधी असते, कधी नसते. बोडीचं पाणी उतारानं आपोआप येतं. तरीही हिशेब पुरता जुळला नाही. उरलेली तूट एका वर्षापुरती मी भरायची असं ठरलं. माझ्या दोन महिन्यांच्या बाहेरच्या जेवणाएवढी ती रक्कम निघाली. लाज वाटली, खोटं कशाला सांगू? आणि गाळ काढताना पसईची पूर्वेकडची कड अजिबात उकरायची नाही, ही आजीची अट.

‘‘एक साल,’’ काका म्हणाले. ‘‘पुढच्या रोवणीच्या आधी पुन्हा बसू.’’

म्हणजे बोडी वाचली असं नाही. एक वर्ष मिळालं. आमच्या भागात गावोगावी हाच प्रश्न आहे. मालगुजारी तलावांचा हा मुलूख. कोहळी समाजानं बांधलेले तलाव, नवेगाव बांध त्यातलाच मोठा. कुठे गाळ, कुठे बेशरमचं रान, कुठे अतिक्रमण. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्था ढिवर बांधवांना सोबत घेऊन तलावांतली बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावतात. कड जगली की मासे येतात, पक्षी येतात. अर्ध्या एकराच्या खासगी बोडीसाठी मात्र घरातच बोलावं लागतं.

तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या सातबाऱ्यावर अशी एखादी कोपऱ्यातली, ‘फालतू’ जागा असेल. ओढ्याची कड, पडीक तुकडा, जुनं तळं. पुढच्या सुट्टीत सही करायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला एकदा विचारा, इथे आपोआप काय उगवतं आणि ते कधी खातात?

परतीच्या गाडीत आजीनं दिलेला डबा उघडला. कागदाच्या पुडीत ओंजळभर पसई, पुढच्या ऋषिपंचमीसाठी. गाडीनं गचका दिला आणि चार दाणे सीटखाली सांडले.

सवयच आहे त्यांना.